पांढऱ्या कागदावर मुंबईचं ऊन

शुक्रवार : नरिमन पॉइंट

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेहून सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गिरगाव. मावसबहीण, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई, जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत राहते. पोहे झाले, चहा झाला आणि तिच्या लेकीने विचारलंच, "मावशी, तू खरंच नुसतं ऊन बघायला मुंबईला आलीयस?"

हो, नुसतं ऊन बघायला. मी शाळेत चित्रकला शिकवते. आमच्याकडची मुलं सूर्य पिवळा रंगवतात, जपानमधली मुलं तो लाल रंगवतात, आणि अवकाशातून पाहणाऱ्या अंतराळवीरांना तो पांढरा दिसतो. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. तिथून निघणाऱ्या उजेडात सगळे रंग असतात आणि ते एकत्र आले की डोळ्याला पांढरं दिसतं. पिवळा, केशरी, तांबडा हे रंग वाटेतली हवा देते. ती ते कसे देते, हे एकाच गावात ओळीने काही दिवस कागदावर टिपायचं माझ्या फार दिवसांपासून मनात होतं.

त्यासाठी मुंबईसारखी जागा नाही. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला बंदर आणि त्यापलीकडे डोंगर, मधोमध जंगल. शिवाय हवा प्रत्येक प्रकारची: समुद्रावरची, जमिनीवरची, धुराची. ऑक्टोबर मुद्दाम निवडला. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, त्यामुळे धुतलेली हवा आणि मळलेली हवा एकाच आठवड्यात भेटण्याची शक्यता सर्वात जास्त.

सामान थोडंच होतं. पोस्टकार्डाएवढे कापलेले जाड पांढरे जलरंगाचे कागद, रंगांची छोटी पेटी, ब्रश, पाण्याची बाटली आणि फोन. कागद उन्हात धरायचा, त्यावर ऊन ज्या रंगाचं दिसेल तो रंग दुसऱ्या कागदावर लावायचा आणि शेजारी वेळ लिहायची.

हे कुणाला करून पाहायचं असेल तर फोनच्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढून 'डेलाइट'वर ठेवा आणि नंतर बदलू नका. ऑटोवर असला की कॅमेरा केशरी उजेडातलाही कागद पांढराच करून दाखवतो. आपला मेंदूही तेच करतो. म्हणून नुसतं "ऊन पिवळं वाटतंय" म्हणून भागत नाही, शेजारी तुलनेला काहीतरी लागतं. दुसरं महत्त्वाचं, सूर्याकडे थेट बघायचं नाही. दुर्बिणीतून किंवा झूम केलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगातून तर मुळीच नाही. आपल्याला बघायचा आहे तो कागद.

संध्याकाळी भाचीला घेऊन मरीन ड्राइव्हला गेलो. गिरगाव चौपाटी घराजवळ आहे, पण या दिवसांत तिथून सूर्य मलबार हिलच्या आड जातो. पाण्यावरचा सूर्यास्त हवा असेल तर थेट नरिमन पॉइंटच्या टोकाला जावं. साडेपाचला कागदावर फिकट सोनेरी. सहाला तो लिंबाच्या रंगातून गेरूकडे सरकला होता. आणि मग सूर्याची खालची कड विरघळायला लागली. क्षितिज बरंच खाली होतं, मध्ये एक तपकिरी-राखाडी पट्टा होता, आणि सूर्य त्या पट्ट्यात वरच्या वर नाहीसा झाला. तांब्याच्या पैशासारखा निस्तेज झाला आणि गेला. सूर्यास्ताच्या वेळेला अजून पाच-सात मिनिटं होती.

कठड्यावर शेजारी एक आजोबा बसले होते. रोज येतात म्हणाले. "आज पाण्यात नाही बुडणार, वरच विरणार, हे मी पाच वाजताच ओळखलं होतं," ते म्हणाले. "पावसाने उघडीप दिली की बघा. पाण्याला टेकलेला दिसतो, अगदी लालभडक. जानेवारीत तर महिना महिना टेकत नाही."

भाची अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "पण मावशी, प्रदूषणामुळे सूर्यास्त जास्त सुंदर दिसतो असं सगळेच म्हणतात."

हे सगळीकडे सांगितलं जातं आणि त्यात खरं फार थोडं आहे. हवेचे रेणू, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त उधळतात आणि तांबडा कमी. किती जास्त, याचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. हे उधळणं, म्हणजेच विकिरण, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा घ्या आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा घ्या, तर निळा चार पटींहून अधिक उधळला जातो. सूर्य डोक्यावर असेल तेव्हा हवेचा थर पातळ असतो, निळा थोडासाच वजा होतो आणि ऊन पांढरं राहतं. सूर्य क्षितिजावर असेल तेव्हा उजेडाला डोक्यावरच्या मानाने जवळजवळ ३८ पट हवा ओलांडावी लागते. निळा, हिरवा वाटेतच उधळले जातात आणि आपल्यापर्यंत तांबडा पोचतो. यासाठी धूर लागत नाही, नुसती स्वच्छ हवा पुरते.

धूळ, बाष्पाने फुगलेले कण, धुरातले मोठे कण हे तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असतात. ते रंगांत फारसा भेदभाव करत नाहीत, सगळ्यांनाच उधळतात. म्हणून आकाश निळ्याचं पांढुरकं होतं आणि सूर्यास्त लालचा मळकट होतो. धुरातले अगदी बारीक कण सूर्याला तांबूस करतात हे खरं, पण त्याबरोबर त्याचा उजेडही खातात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई झाकली होती. ताईला तो रविवार आठवतो. गाड्यांवर पांढरी पूड बसली होती आणि भर दिवसा सूर्य केशरी नव्हे, फिक्कट चांदीसारखा दिसत होता. त्या शुक्रवारी आम्ही जो तपकिरी पट्टा पाहिला, तो लाखो माणसं रोज छातीत घेतात. त्याला सुंदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परतताना भेळ. रात्री ताईच्या हातची तांदळाची भाकरी आणि डाळिंब्यांची उसळ.

शनिवार : गेटवे आणि घारापुरी

पहाटे साडेपाचला निघालो. गेटवेला सूर्योदयासाठी जायचं तर सहाच्या आत पोचावं. गर्दी नसते, पोलिसांची तपासणी झटपट होते आणि चहावाला सायकलवर असतोच.

सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवायचा होता, पण पलीकडे उरणच्या बाजूचे डोंगर आणि त्यांवरचा धुरकट थर, त्यामुळे दिसला तो दहा-बारा मिनिटं उशिरा. कागदावर पहिला ठिपका बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी, पातळ केलेला. सातला येलो ऑकर. पावणेआठला लेमन येलो, तोही इतका फिकट की ब्रश तीनदा पाण्यात बुडवावा लागला. गेटवेची कमान पिवळसर बेसॉल्टची आहे, १९२४ मध्ये पुरी झालेली. तिची बंदराकडची बाजू या पाऊण तासात तांबूस, मग मधाळ, मग तिच्या स्वतःच्या रंगाची झाली. दगड तोच. असं काही डोळ्यांदेखत घडताना पाहिलं की वर्गात मुलांना "वस्तूचा रंग" एवढंच शिकवणं अपुरं वाटायला लागतं.

पहिल्या लाँचला वेळ होता. कठड्याला टेकून मी भाचीला याच बंदराची एक गोष्ट सांगितली. १९२१ च्या उन्हाळ्यात चंद्रशेखर वेंकट रामन ऑक्सफर्डला विद्यापीठांच्या परिषदेसाठी गेले होते. येताना 'एस. एस. नारकुंडा' या बोटीवर होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांच्या डोक्यातून जाईना. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मानलं जाई, आणि खुद्द रॅले यांचंही मत तसंच होतं. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम होता, म्हणजे परावर्तनाची चमक गाळता येईल असा स्फटिक. त्यातून पृष्ठभागावरचं परावर्तन त्यांनी डेकवरूनच वगळून पाहिलं, तरी निळा उरलाच. मग तो पाण्याच्या रेणूंनी केलेल्या विकिरणाचा असणार. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र पाठवलं. त्यावर तारीख आहे २६ सप्टेंबर आणि ठिकाण, मुंबई बंदर. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम आणि १९३० मध्ये नोबेल. आपल्याकडे विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो तो त्यामुळेच.

"म्हणजे इथेच?" भाचीने वाकून खाली पाहिलं. "पण मावशी, हे पाणी तर निळं नाहीच."

नाहीच. गेटवेचं पाणी गढूळ, मातकट. खाड्यांनी आणलेला गाळ त्यात तरंगतो, आणि गाळाचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. आदल्या संध्याकाळी धुरकट हवेने आकाशाचं जे केलं, तेच गाळ इथे पाण्याचं करतो. भाचीने हे स्वतःच जोडून दाखवलं. मला फार आनंद झाला.

लाँच तासाभराची. वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे घेतात, ते जरूर द्यावेत. डेकवर एक खलाशी दोर गुंडाळत होता. आम्ही कागद उन्हात धरून काय करतो हे त्याने थोडा वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "रंग विकता का तुम्ही?" समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, दुपारी सावलीत धरून बघा. मी ते करणारच होते, पण त्याला ते आपसूक सुचलं याचं मला नवल वाटलं. डेकवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला सावलीचा रंग माहीत असतो.

घारापुरीला धक्क्यापासून वर पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी मूर्ती, कणसं. वाटेत गावातल्या बायका मीठ-तिखट लावलेली काकडी विकतात. ती धक्क्यावरच खाऊन घ्यावी, वर माकडं हातातून नेतात. आमच्यासमोर एका गृहस्थांची अख्खी पिशवी गेली.

मुख्य लेणं पाहायला लोक त्रिमूर्तीसाठी जातात, आणि जावंच. सहा मीटरच्या आसपास उंचीचं ते शिल्प समोर आलं की कागद, रंग सगळं बाजूला राहतं. आम्ही बराच वेळ नुसत्या बसून होतो. नंतर उत्तरेच्या मुख्य दारापाशी आलो. बारा वाजत आले होते. ऊन दरवाजाच्या बाहेर होतं, आत सावली. कागद निम्मा उन्हात, निम्मा सावलीत धरला. उन्हातला भाग पांढरा, किंचित पिवळसर. सावलीतला भाग स्पष्ट निळसर. मी कोबाल्ट ब्लू पाण्यात विरघळवून शेजारी लावला आणि तो जवळजवळ जुळला.

सगळ्या सहलीतलं हे मला सर्वात मोलाचं वाटतं. उन्हातून निळा वजा होतो म्हणजे तो नाहीसा होत नाही. हवेने उधळलेला तो निळा आकाशभर पसरतो आणि आकाशाकडून सावलीत येतो. थेट ऊन जिथे पोचत नाही तिथे उजेड आकाशाचाच असतो, म्हणून सावली निळी. उन्हाचा पिवळा आणि सावलीचा निळा यांची बेरीज केली तर मूळ पांढरा परत मिळतो. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांनी बर्फावरच्या सावल्या निळ्या रंगवल्या तेव्हा लोक नाराज झाले होते. ते चित्रकार दिसलं तेच रंगवत होते.

लेणी सोमवारी बंद असतात. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे हे उतरतानाच विचारून ठेवा.

रविवार : कान्हेरी, पाऊस, वांद्रे

लोकलने बोरिवली. रविवारी मेगाब्लॉक असतो, कोणत्या मार्गावर आणि किती वाजता ते आदल्या रात्री बघून ठेवावं. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीपर्यंत बस जाते.

लेण्यांच्या वरच्या कातळावर नऊच्या सुमारास पोचलो. शंभरावर लेणी, पावसाचं पाणी साठवायला कोरलेल्या टाक्या, अजून पाण्याने भरलेल्या. पायाखालचा काळा बेसॉल्ट तापायला लागला होता. वरून शहराकडे पाहिलं तर इमारतींच्या कमरेएवढा एक थर पडलेला, कडा अगदी सरळ. त्याच्या वर आकाश निळं, खाली सगळं दुधट. रात्री जमीन गार होते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि शहराचा धूर त्यात अडकतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि थर विरतो. साडेदहापर्यंत त्याची कड नाहीशी झालेली आम्ही पाहिली. त्या वेळी सूर्य पन्नास अंशांच्या जवळपास चढला होता आणि कागद पूर्ण पांढरा होता. तीस अंशांवर सूर्य असताना उजेड डोक्यावरच्या दुप्पट हवा ओलांडून येतो. तेवढ्यानेही कागदावर फारसा फरक दिसत नाही. खरा फरक शेवटच्या दहा अंशांत पडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळचा पहिला आणि शेवटचा पाऊण तास एवढाच चित्रकाराला घाईचा असतो.

उतरताना पाड्यावरच्या बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. एका आजींनी आम्हाला पिकलेलं आणि उद्या पिकणारं अशी वेगळी निवडून दिली आणि म्हणाल्या, "लवकर घरी जावा, आज पडणार." आकाशात एक ढग नव्हता.

तीनला बोरिवली स्टेशनवर होतो तेव्हा पूर्वेकडून काळं झालं. वारा, धूळ, मग गडगडाट आणि पाऊस. परतीचा पाऊस असाच येतो, दुपारच्या तापलेल्या हवेवर, ठाण्याच्या डोंगरांकडून. प्लॅटफॉर्मवर दीड तास गेला. वडापाव खाल्ला, सीताफळं खाल्ली. पाचला पाऊस ओसरला आणि पश्चिमेकडे आकाश उघडायला लागलं. घरी जायचं रद्द केलं आणि वांद्र्याला उतरलो. रिक्षाने बँडस्टँड, आणि धावतच किल्ल्यावर.

पोर्तुगीजांचा हा छोटा किल्ला १६४० चा. चढ नाही म्हणण्याइतका कमी. समोर मोकळा समुद्र, डावीकडे सागरी सेतू. हवा धुतलेली होती, हे पहिल्या नजरेत कळलं. शुक्रवारी जिथे तपकिरी पट्टा होता तिथे आज क्षितिजाची रेघ कात्रीने कापल्यासारखी होती. सूर्य इतका झगझगीत की सहाला पाच मिनिटं कमी असतानाही त्याच्याकडे तोंड करणं अशक्य. कागदावर गडद नारिंगी, पण शुक्रवारच्यासारखा मळका नाही. कॅडमियम ऑरेंज, पेटीतून सरळ.

मग माझ्या पाठीमागे कुणीतरी ओरडलं. सगळे वळले.

पूर्वेला अजून पाऊस पडत होता आणि त्यावर इंद्रधनुष्य होतं. सूर्य क्षितिजाला लागत आलेला, म्हणून धनुष्य जवळजवळ पूर्ण अर्धवर्तुळ, इमारतींच्या वरून उठून फार उंच गेलेलं. आणि ते तांबडं होतं. बाहेरून तांबडं, आत नारिंगी, त्याच्या आत थोडासा पिवळा, संपलं. निळा नव्हता, जांभळा नव्हता, हिरव्याचा मागमूसही नव्हता.

मी थरारले, आणि मला ते सांगायला संकोच वाटत नाही. पावसाचा थेंब स्वतःचे रंग आणत नाही, त्याच्याकडे जो उजेड येतो त्यातले रंग फक्त वेगळे करून मांडतो. दुपारच्या उन्हात सातही असतात म्हणून सातही दिसतात. त्या वेळच्या उन्हात हवेच्या लांब वाटेने निळा, हिरवा ठेवलेलेच नव्हते. उन्हातून काय गेलंय याचा इतका सरळ हिशोब मी कधी पाहिला नव्हता. कागदावर दिवसभर मी अंदाजाने जे जुळवत होते, ते समोर आकाशात उलगडून ठेवलेलं होतं. भाची गप्प होती, मग म्हणाली, "याचा स्पेक्ट्रम काढला ना मावशी, तर निळ्याची, डावी बाजू रिकामी असणार."

शेजारच्या कणीसवाल्याने शेगडी तशीच सोडून मोबाइल काढला होता. त्याने आयुष्यात असं धनुष्य पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तो गोल नव्हता, खालून दाबलेला होता. क्षितिजाजवळच्या हवेतून येताना प्रकाश वाकतो, अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. सूर्याचा व्यासही साधारण अर्धा अंशच. म्हणजे टेकलेला सूर्य दिसतो तेव्हा खरा सूर्य पूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो चपटा. टेकल्यापासून बुडेपर्यंत मुंबईत या दिवसांत सव्वादोन मिनिटं लागतात. अगदी शेवटच्या क्षणी, फक्त कड उरली असताना, हवा स्वच्छ असेल तर ती कड क्वचित हिरवी दिसते. आधी सूर्याकडे न बघता, बोटांच्या आडून, फक्त त्या शेवटच्या क्षणी पाहायचं. मला ती हिरवी दिसली नाही. भाचीला दिसली, आणि तिच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.

लोक सूर्य बुडाला की उठून जातात. कृपा करून जाऊ नका. आमच्यासमोर वरचे विरळ ढग पुढची वीस मिनिटं खालून पेटत गेले, आधी सोनेरी, मग शेंदरी, मग गुलाबी. आपल्याला सूर्य दिसत नाही तेव्हाही त्या उंचीवरून तो दिसत असतो. आणि त्या ढगांपर्यंत जाणारा उजेड आणखी लांबच्या हवेतून जातो. मुंबईत अंधार लवकर पडतो, त्यामुळे हे सगळं पटकन घडतं. कागद ओले करायलाही वेळ पुरला नाही, फक्त पाहिलं.

सोमवार : ससून डॉक, फोर्ट, गच्ची

घारापुरी बंद, उद्यान बंद. सोमवारी फोर्टमधून चालावं हेच बरं.

पहाटे ससून डॉक. १८७५ चा धक्का, अजून तितकाच गजबजलेला. पायात पाणी चालणारी चप्पल घाला आणि फोटो काढण्याआधी विचारा. बोंबील, बांगडा, कोळंबीच्या टोपल्या, बर्फ, ओरडा. एका मावशींनी आम्हाला टोपलीमागे बसायला जागा दिली. मी म्हटलं, काल संध्याकाळी हवा किती स्वच्छ होती, आज परत धुरकट. त्यांनी हात जमिनीकडून समुद्राकडे फिरवला. रात्री वारा असा जातो, दुपारी उलटा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे म्हणून शिकलेलं त्यांनी एका हाताने दाखवलं. रात्री मतलई वारा शहराचा धूर समुद्रावर नेऊन ठेवतो, दुपारी खारा वारा स्वच्छ हवा घेऊन येतो. थंडीत हा खारा वारा उशिरा सुटतो आणि मंद असतो, म्हणून तेव्हा थर जात नाही. आजोबांचं "जानेवारीत टेकत नाही" तिथे मला नीट समजलं.

दुपारी सीएसएमटी. मालाडच्या पिवळसर दगडावर उतरतं ऊन. एक रेखाटन झालं, फार बरं नाही.

संध्याकाळी ताईच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरी. पातेल्यात दूध आटत होतं, वेलची, केशर, चारोळी. बायका रांगोळीला लागल्या होत्या. भाचीने आणि मी पूर्वेचा कठडा धरला, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आगेमागेच उगवतो.

सूर्य मलबार हिलमागे गेला. पाच-दहा मिनिटांत पूर्वेला, बंदराच्या वर, क्षितिजाशी एक निळसर करडा पट्टा उठला आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. खालचा करडा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. वरचा गुलाबी म्हणजे मावळत्या सूर्याचा तांबूस उजेड, समोरच्या हवेवरून परत आपल्याकडे आलेला. गच्चीवरच्या काकूंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं या बाजूला वाळवणं घातली, हे कधी पाहिलं नाही." पाहायला काही लागत नाही. सूर्यास्त झाला की पाठ फिरवायची.

त्या पट्ट्यातूनच चंद्र वर आला, नारिंगी, चपटा. चांदणं म्हणजे सूर्याचंच ऊन, चंद्रावरून आलेलं, म्हणून हवेचा नियम त्यालाही तोच. दुधाचा पहिला पेला होईपर्यंत तो पिवळा झाला, आरती होईपर्यंत पांढरा. ताईने विचारलं, "निळा चंद्र म्हणतात तो खरा असतो का गं?" क्वचित असतो. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्यानंतर सप्टेंबरमध्ये दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत लोकांनी हिरवा-निळा सूर्य पाहिल्याच्या नोंदी आहेत. हवेतले कण एका ठरावीक आकाराचे, जवळजवळ सगळे सारखेच असले तर ते तांबडा जास्त अडवतात आणि सूर्य-चंद्र निळसर दिसतात. मंगळावरची बारीक धूळ असंच काही करते. तिथून यानांनी पाठवलेल्या छायाचित्रांत मावळत्या सूर्याभोवती निळी प्रभा आहे.

एवढं ऐकल्यावर गच्चीवरच्या मुलांनी माझे उरलेले पांढरे कागद पळवले आणि चांदण्यात धरून रंग ओळखायला बसली. चांदण्यात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, तरी भांडण जोरात झालं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. स्वच्छ हवेचा सूर्यास्त हवा असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, आणि तोही पाऊस पडून गेल्यानंतरचा. पाऊस थांबला की दोन तासांत समुद्रकिनारी पोचा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पाण्याला टेकणाऱ्या सूर्याची आशा न धरता सकाळी कान्हेरीवर थर बघायला जा. सर्वात पातळ हवेतलं, सर्वात पांढरं ऊन बघायचं असेल तर मेच्या मध्यावर जायला हवं. तेव्हा मुंबईत सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीखालीच पडते. जुलैच्या शेवटीही येतो, पण तेव्हा ढगांतून दिसणं कठीण.

भाचीला मेमधल्या त्या उन्हाचा कागद हवाच आहे. मेमध्ये मिरजेहून आयत्या वेळी आरक्षण मिळत नाही, म्हणून तारीख उघडली की लगेच तिकीट काढायचं असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.